घरगुती ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी): झाकणाला ३५ दाखवतोय, तरी पिल्लं गारठतात. काय चुकतंय?

अजिंक्यतारा_७ (सातारा)
नमस्कार मंडळी. कॉकटेलची (कॉकॅटियल, तुरेवाला लहान पोपट) तीन पिल्लं, वय १२, १४ आणि १७ दिवस. नर पिल्लांची पिसं उपटतोय म्हणून घरट्याच्या मडक्यातून काढून हँडफीडवर (हातानं पीठ भरवायला) घेतली आहेत. ब्रूडर असा: द्राक्षाच्या पॅकिंगची थर्माकोलची पेटी, आतून साधारण १८ × १२ × १२ इंच, एका कडेला ४० वॅटचा साधा बल्ब, झाकणाच्या आतून चिकटवलेला डिजिटल थर्मामीटर. खोली पहाटे १६ अंशांपर्यंत उतरते. थर्मामीटर ३५ दाखवतो. तरी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात, आणि सकाळी क्रॉप (गळ्याखालची अन्नाची पिशवी) पूर्ण रिकामा झालेला नसतो. बल्ब ६० चा करू का?

पिंजरेवाला_मिरज
बल्बला हात लावू नका. आधी थर्मामीटर झाकणावरून काढा आणि पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे तळापासून दोन इंचांवर, बल्बपासून लांबच्या बाजूला ठेवा. वीस मिनिटांनी आकडा वाचा. गरम हवा वर चढते. पंखा नसलेल्या १२ इंच उंच पेटीत झाकण आणि तळ यांच्यात ४ ते ६ अंशांचा फरक सहज पडतो. तुम्ही ३५ म्हणताय ते झाकणाचं तापमान. पिल्लं झाकणाला लटकत नाहीत.

क्रॉप का रिकामा होत नाही तेही यातच आलं. अंग गार पडलं की पचन मंदावतं, पीठ क्रॉपमध्येच पडून राहतं आणि आंबतं. मग लोक पीठ बदलतात, औषध घालतात, आणि मूळ दुखणं थंडीचं असतं. सकाळी क्रॉप भरलेला दिसला तर पहिलं काम तापमान बघणं. त्यावर नवीन फीड चढवायचं नाही.

कॉकटेल_कराड
मिरजकरांशी सहमत. वयाप्रमाणे आकडे देते, सगळे पिल्लाच्या उंचीला मोजलेले.

अंड्यातून निघाल्यापासून पहिले चार-पाच दिवस ३५.५ ते ३६.५. दहाव्या दिवसापर्यंत ३३.५ ते ३४.५. अंगावर काटे (न उघडलेली पिसं) फुटायला लागले की ३१ ते ३२. काटे उघडून पाठ झाकली की २८-२९. पिसं पूर्ण आली, शेपटी फुटली, की २५-२६, आणि तिथून खोलीच्या तापमानाला. उतरवताना दिवसाला अर्धा अंश, फार तर दोन दिवसांत एक. एका रात्रीत ३२ वरून २८ वर आणलं की क्रॉप अडकलाच म्हणून समजा.

तुमचं १२ दिवसांचं पिल्लू ३२ चं आणि १७ दिवसांचं ३० चं गिऱ्हाईक आहे. तिघं एकत्र असतील तर ३१ ते ३१.५ धरा, एकमेकांची ऊब मिळते. पिल्लू एकटंच असेल तर वरच्या प्रत्येक आकड्यात एक अंश वाढवा. आणि दिवस मोजण्यापेक्षा पिसं बघा. नरानं पाठ सोलून काढलेलं १७ दिवसांचं पिल्लू ऊबेच्या हिशेबात बाराच दिवसांचं असतं.

अजिंक्यतारा_७ (सातारा)
ताई, मोजलं. तळाशी, लांबच्या कोपऱ्यात २८.४. बल्बखाली ३३.

पिंजरेवाला_मिरज
हं. म्हणजे झाकणाला ३५ आणि कोपऱ्यात २८. पिल्लं त्याच कोपऱ्यात का बसतात हा प्रश्न पडला पाहिजे. बल्बकडं ऊब असताना तिकडं जात नाहीत, कारण उजेड डोळ्यांवर येतो. या जातीची पिल्लं ढोलीतली. अंधारात वाढायची त्यांची रीत. उघडा बल्ब ठेवला की ती उजेडापासून पळतात आणि पळता पळता थंडीत जातात.

बल्बवर मातीचं लहान मडकं उपडं घाला, बुडाला आणि बाजूला आठ-दहा भोकं पाडून. माती तापते आणि हळूहळू ऊब सोडते, बल्ब बंद झाला तरी दहा-पंधरा मिनिटं गरम राहते. पत्र्याचा डबाही चालतो, पण तो लगेच तापतो आणि लगेच निवतो. दोन्हींत एक काळजी घ्या: होल्डर चिनी मातीचा हवा. झाकलेल्या बल्बची उष्णता होल्डरवर येते आणि साधा प्लॅस्टिकचा होल्डर तडकतो, कधी वितळतो. बल्ब आणि थर्माकोल यांत किमान सहा इंच अंतर पाहिजे, नाहीतर मधे पत्रा. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसायला लागतो आणि पेटला तर आवरत नाही.

वायरमन_विटा
थर्मोस्टॅटचं (तापमान बघून बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) कुणी बोललंच नाही. बल्ब सरळ बोर्डाला जोडलेला दिसतोय. पहाटे १६ आणि दुपारी २८ असलेल्या खोलीत एकाच बल्बवर पिल्लं जगवायची म्हणजे दिवसभर झाकण सरकवत बसायचं.

डब्ल्यू १२०९ नावाचा छोटा बोर्ड घ्या. बारा व्होल्टवर चालतो, सोबत काळ्या वायरीचा सेन्सर येतो. जोडणी: १२ व्होल्टचा अडॅप्टर बोर्डाला, बल्बची फेजची वायर रिलेच्या (बोर्डावरचा आपोआप चालणारा स्विच) दोन टोकांतून, न्यूट्रल सरळ. सेट बटण दाबून तापमान ३१.५ करा. मग सेट चार-पाच सेकंद दाबून धरलं की पी० येतं, तिथं एच म्हणजे हीटिंग आहे ना बघा. सी असेल तर उलटं चालेल, तापल्यावर बल्ब लागेल. पी१ म्हणजे किती अंश खाली आल्यावर परत चालू व्हायचं. तो आकडा २ असतो, ०.५ करा. पी४ मध्ये सेन्सरची चूक दुरुस्त करता येते.

या बोर्डाच्या पाठीला २३० व्होल्ट उघडे असतात. स्विचबोर्डाच्या प्लॅस्टिक डबीत बसवल्याशिवाय वापरू नका. ज्यांना उघड्या बोर्डाची धास्ती वाटते त्यांनी एसटीसी १००० घ्या. तो २३० वरच चालतो आणि खोक्यात बंद असतो.

कॉकटेल_कराड
वायरमनदादा, सेन्सर कुठं ठेवायचा तेही सांगा. निम्मी पिल्लं तिथंच मरतात.

वायरमन_विटा
बरोबर बोललात ताई. सेन्सरच्या तीन चुका.

एक, सेन्सर मोकळा सोडणं. साफसफाई करताना वायर ओढली जाते, टोक पेटीबाहेर येतं. बोर्डाला वाटतं पेटीत १८ अंश आहेत. तो बल्ब बंदच करत नाही. आत ४५ होतं. सेन्सर तारेनं दोन जागी बांधा, एक गाठ आत, एक भोकाच्या तोंडाशी.

दोन, सेन्सर पिल्लांच्या बसायच्या जागी ठेवणं. पिल्लू त्याच्यावर बसतं, सेन्सरला अंगाची ऊब लागते, बोर्डाला वाटतं काम झालं. बल्ब बंद, बाकीची दोन गारठली. म्हणून सेन्सरला जाळीचा छोटा पिंजरा करा. चहाच्या गाळणीची जाळी पुरते.

तीन, सेन्सर बल्बच्या नजरेत ठेवणं. हवा गार असली तरी थेट झळ लागून तो गरम होतो. मधे काहीतरी आड हवं.

आणि सेन्सर खरं बोलतो का ते आधी तपासा. वाटीत कोमट पाणी, त्यात सेन्सरचं टोक आणि तापाचा थर्मामीटर एकत्र धरा, पाणी ३६ ते ३८ च्या आत असताना. दोघांत फरक दिसला तर तेवढा पी४ मध्ये घाला. बर्फाच्या चुऱ्यात शून्य दाखवतो का ते बघणारे बघतात, पण आपलं काम ३० ते ३७ मधलं आहे. तिथंच तपासलेलं बरं.

माणदेशी_पंख
रिले चिकटला तर? त्याचं काय?

वायरमन_विटा
चिकटतो. बल्ब रोज शंभर वेळा चालू-बंद होतो, संपर्काच्या टिकल्या जळतात आणि एक दिवस वेल्ड होऊन बसतात. मग बोर्डावरचा दिवा बंद दिसतो आणि बल्ब चालूच. त्यासाठी केएसडी ३०१ नावाची नाण्याएवढी थर्मल टिकली मिळते. ४५ अंशांची, 'नॉर्मली क्लोज्ड' म्हणून मागायची, फेजच्या वायरीत सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) टाकायची आणि झाकणाखाली बसवायची. झाकणाला ४५ म्हणजे तळाला अजून चाळिशीच्या आसपासच, तेवढ्यात ती सप्लाय तोडते. फ्रिज-इस्त्री दुरुस्तीवाल्याकडं विचारा, फार पैसे पडत नाहीत. ही टिकली नसलेला ब्रूडर रात्रीचा चालू ठेवून झोपू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजिंक्यतारा_७ (सातारा)
बल्ब एकच ठेवू की दोन? साधे ४० वॅटचे आता सगळीकडं मिळत नाहीत, दुकानदार एलईडीच पुढं करतो.

वायरमन_विटा
एलईडी नको, त्यात ऊब नावालाच. साठचे फिलॅमेंटवाले दोन मिळाले तर सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज जातो, दोघांचे मिळून चाळीसच्या आसपास वॅट निघतात. मंद तांबूस पेटतात, उजेडाचा त्रास नाही आणि वर्षानुवर्षं उडत नाहीत.

पिंजरेवाला_मिरज
इथं वायरमनशी वाद आहे. सिरीजमध्ये एक उडाला की दुसराही गेला. रात्री दोन वाजता कोण उठून बघणार? २५ चे दोन बल्ब पॅरलल (प्रत्येकाची जोडणी वेगळी) लावा. एक गेला तरी दुसऱ्यावर पेटी २७-२८ धरते, सकाळपर्यंत पिल्लं जिवंत राहतात.

वायरमन_विटा
पॅरलल लावलेले पूर्ण व्होल्टेजवर आणि सारखे चालू-बंद. ते उडणारच. सिरीजवाला उडतच नाही हा माझा मुद्दा. दोघांचं भांडण मिटवायचं तर सिरीजच्या दोन जोड्या करा आणि त्या जोड्या एकमेकींना पॅरलल. चार होल्डर लागतील. चाळीस वॅटचे चार घेतले तर एका जोडीचे पंचवीसच्या थोडे वर, एकूण ५०-५५ च्या आसपास. एक जोडी गेली तरी निम्मी ऊब राहते.

पिंजरेवाला_मिरज
हे मान्य.

कॉकटेल_कराड
बल्बच नको असेल तर सिरॅमिक हीट एमिटर मिळतो, ५० वॅटचा पुरे. उजेड शून्य. पण तो पृष्ठभागावर प्रचंड तापतो. भोवती जाळी हवी आणि होल्डर चिनी मातीचाच. घेताना वरचं कोटिंग विचारा. नॉनस्टिकला असतं तसं कोटिंग दिलेले हीटर आणि बल्ब येतात. ते अति तापलं की निघणारा वायू माणसाला कळत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतात. याच कारणानं ब्रूडर स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा विसरून गॅसवर राहिला की संपलं. डासांची कॉइल, धूप, उदबत्तीही त्या खोलीत नको.

घाटमाथा_पाटण
पेटी थर्माकोलची आहे हे चांगलं केलंत. त्याच मापाची १२ मिलीमीटर प्लायची पेटी असती तर बाहेर १५ आणि आत ३५ धरायला ५५-६० वॅट लागले असते. इंचभर जाडीच्या थर्माकोलला १७-१८ वॅट पुरतात, वर हवेच्या भोकांतून जाणारी ऊब धरून २५. काचेची जुनी फिशटँक वापरणारे ८० वॅट जाळतात आणि तरी पिल्लं गार. ती वापरायचीच तर तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा.

पण थर्माकोल पिल्लं टोचतात, वीस दिवसांनंतर तर हमखास. आतून कोरोप्लास्ट (पोकळ प्लॅस्टिकची शीट) किंवा जुन्या प्लॅस्टिक फाइलचे पुठ्ठे लावा.

हवेची भोकं: तळापासून दोन इंचांवर १० मिलीमीटरची सहा, झाकणाजवळ समोरच्या बाजूला चार. आतून झाकणाला दव धरलं तर भोकं कमी पडतायत. ऊब जाते म्हणून भोकं बुजवू नका, गुदमरलेलं पिल्लू आणि तापलेलं पिल्लू दिसायला सारखंच.

माणदेशी_पंख
आर्द्रता किती ठेवायची? आमच्याकडं म्हसवडला हवा कोरडी ठक्क. पिल्लांची कातडी लाल आणि सुरकुतलेली दिसते.

घाटमाथा_पाटण
ते पाणी कमी पडल्याचं लक्षण. ५० ते ६० टक्के ठेवा, अगदी लहानांना ६५ पर्यंत. पसरट वाटीत पाणी, त्यात स्पंज उभा, वरून जाळी, नाहीतर पिल्लू त्यात तोंड घालतं. वाटी खोल असून उपयोग नाही. पाण्याचा पृष्ठभाग जितका पसरट, तितकी वाफ. वाटी बल्बच्या बाजूला ठेवा. पाणी रोज बदला, स्पंज उकळून घ्या, त्यावर बुरशी फार लवकर धरते.

पाटण, महाबळेश्वर बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. हवाच ओली असते, वाटी काढून टाका. नाहीतर बिछाना ओला राहतो आणि क्रॉपमध्ये बुरशी होते.

स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्के खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास ठेवा. आत ७५ टक्के होतात. मापक ६८ दाखवत असेल तर सात मिळवून वाचा. अट एकच, मीठ पूर्ण विरघळता कामा नये.

कॉकटेल_कराड
बिछान्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगते. वर्तमानपत्र गुळगुळीत, पाय घसरून दोन्हीकडं फाकतात आणि तसेच राहतात. टॉवेलच्या कपड्याचे धागे बोटाला गुंडाळतात, बोट काळं पडून गळतं. लाकडाचा बारीक भुसा गिळतात. प्रत्येक पिल्लाला श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा, आत खाली रबरी जाळीची मॅट, वर तीन-चार टिश्यू. डब्यात पाय पोटाखाली राहतात. टिश्यू दर फीडला बदलायचे.

आणि मुंग्या. पेटीखालच्या स्टुलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, आजी लोणच्याच्या बरणीखाली ठेवायची तशा. दूध-पिठाचा वास त्यांना एका रात्रीत लागतो.

मळाकडं_तासगाव
लाईट गेली की काय करायचं? आमच्याकडं शेतावर राहायचं, तीन-चार तास लाईट नसते.

वायरमन_विटा
हिशेब करून ठेवा. चांगल्या थर्माकोलच्या पेटीला तासाला २०-२५ वॅट-तास लागतात. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ४० वर येईपर्यंत साधारण २३ वॅट-तास ऊब देतं. म्हणजे तासाला एक बाटली. चार तासांना चार बाटल्या, एकदम नव्हे, दर तासाला एक बदलायची. बाटली जुन्या पायमोज्यात घालून ठेवा, पिल्लाचं अंग थेट लागलं तर भाजतं. आणि निवलेली बाटली आत विसरू नका, ती उलट ऊब ओढून घेते.

कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. तूट वजा जाता २५ वॅटचा बल्ब सव्वादोन तास ओढते. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टरला तर ही खिरापत आहे, फक्त पंखे-टीव्ही त्याच्यावर नको.

शेतावर सरळ सगळं १२ व्होल्टवर करा. गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे बल्ब, डब्ल्यू १२०९ तर १२ व्होल्टचाच, वर बॅटरी. करंट लागायची भीती नाही. इंडिकेटरचा बल्ब सतत पेटण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळं दोन-तीन जास्तीचे ठेवा.

कृष्णाकाठ_सांगली
सातारकरांना थंडीचं पडलंय, आमच्याकडं एप्रिलमध्ये प्रश्न उलटा. दुपारी खोलीच ३८-३९. ब्रूडर ऊब देतो, गारवा देत नाही. थर्मोस्टॅट बल्ब बंद करून गप्प बसतो आणि आत तापमान चढतच जातं. बजरीची (आपल्या बाजारात जिला लव्हबर्ड म्हणतात ती) पंधरा दिवसांची पिल्लं ३९ ला चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात, मान लांब करून एकमेकांपासून दूर पडतात. हे दिसलं की थर्मामीटर काय म्हणतो ते बघायचं नाही. झाकण काढायचं, पेटी खालच्या मजल्यावरच्या फरशीवर ठेवायची. पेटीच्या बाहेरून ओलं गोणपाट चालतं, आतून नाही. पंखा भिंतीकडं तोंड करून, थेट वारा नको. रात्री अडीच-तीनला तापमान खाली येतं, म्हणून बल्ब थर्मोस्टॅटवर जोडलेलाच असू द्या.

रानवाट_वाई
एक प्रश्न. झाडावरून पडलेलं पोपटाचं पिल्लू आणलंय, हिरवं, काटे फुटलेलं. त्यालाही हेच तापमान का?

पिंजरेवाला_मिरज
भाऊ, आपल्याकडचा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, घरी वाढवता येत नाही. ढोली सापडत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. नाहीतर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. तोपर्यंत बुटाच्या खोक्यात, भोकं पाडून, कपड्यात गुंडाळलेली कोमट बाटली शेजारी, अंधारात. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी, दूध, डाळ काहीही घालू नका.

कॉकटेल_कराड
हे शेवटचं वाक्य कॉकटेललाही लागू. पाय आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गार लागले तर आधी अर्धा-पाऊण तास ३३ ला ठेवा, मगच फीड. फीड ३९ ते ४१ अंश, थर्मामीटरनं मोजून. ४३ च्या वर क्रॉप आतून भाजतो आणि ते चार-पाच दिवसांनी बाहेर खपली दिसल्यावर कळतं. मायक्रोवेव्ह वापरू नका, मधेच एखादा घास उकळता निघतो. गरम पाण्याच्या वाटीत फीडची वाटी.

अजिंक्यतारा_७ (सातारा)
केलेले बदल: बल्बवर मडकं, बोर्ड ३१.५ वर, फरक ०.५, सेन्सर गाळणीच्या जाळीत तळापासून दोन इंचांवर, टिकली झाकणाखाली. रात्रभरात कमीत कमी ३०.८, जास्तीत जास्त ३२.१. सकाळी सहाला तिन्ही क्रॉप रिकामे. पण १७ दिवसांचं पिल्लू डब्यातून मान बाहेर काढून चोच उघडतंय, आणि १२ दिवसांचं शांत झोपलंय.

पिंजरेवाला_मिरज
मोठ्याला गरम होतंय. आकडा बदलू नका, नाहीतर धाकटं गारठेल. मोठ्याचा डबा मडक्यापासून लांबच्या टोकाला, धाकट्याचा मडक्याजवळ, मधलं मधे. दोन टोकांत दोन-अडीच अंशांचा फरक तुमच्या पेटीत आपोआप पडतो, तोच वापरा. तासाभरानं मोठ्याची चोच मिटलेली असली पाहिजे. नसेल तर त्या टोकाचं एक भोक वाढवा.

अजिंक्यतारा_७ (सातारा)
चाळीस मिनिटांत मिटली. लांबच्या टोकाला आता २९.९ आहे.